बिज्याची ९ झाडं उरली, टिशू कल्चरनं वाचतील का? (कुरखेडा, गडचिरोली)

झाडीपट्टी_कुरखेडा
१८ फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी कुरखेडा तालुक्यातला आहो, धान लावतो, बांधावर तूर. प्रश्न बिज्याच्या झाडाचा हाय. पुस्तकात त्याले बिबळा नाईतर बिवला म्हणतात, हिंदीत बिजासाल. आमच्या आज्याच्या वेळेस बिजा इतका होता का घराच्या मयाली बिज्याच्या, बंडी बिज्याची, ढोलाचं खोडही बिज्याचं. आता ग्रामसभेच्या जंगलात मी आणि गावातले दोन पोट्टे तीन दिवस फिरलो तर मोजून ९ झाडं सापडली. सारी म्हातारी. त्यातल्या दोन झाडांची साल कोणी तरी खालून गोल सोलून नेली, शुगरच्या औषधाले म्हणून. बिज्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पितात ते तुम्हाले माहीत असंन, त्याच्यासाठी लाकूडही जाते. आणि खरं भेव या गोष्टीचं आहे का मनगटाएवढा, बोटाएवढा बिजा कुठंच नाई दिसला. म्हातारे आहेत, लेकरं नाईत.

मागच्या महिन्यात अंजनगावकडं सोयऱ्याच्या घरी गेलो होतो, तिथं केळीचे टिशूचे रोपं पाहिले, हजारो, सारे एका उंचीचे. तेव्हापासून डोक्यात हेच फिरून राहिलं. केळीचं होते तर बिज्याचं काहून नाई? कोणाले माहीत असंन तर सांगा, खर्च किती, कुठं जाऊ, फांदी नेऊ का मूळ नेऊ. झाडाले सध्या शेंगा आहेत, त्या चपट्या गोल, कडेनं पापडासारख्या.

पानपिंपळी_अंजनगाव
१८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

भाऊ आमच्या गावाचं नाव वाचून बरं वाटलं. मी दहा वर्षं झाली टिशूचीच केळी लावतो. आधी कंद लावायचो तर एक झाड निसवलं का दुसरं मागं राहे, आता सारा बगीचा एकदम निसवते. लॅबवाल्यांले एक कंद द्या, ते हजार रोपं देतात. बिज्याचं नक्की होईन, विचारून पाहा. आमच्या इथं बारी लोकांचे पानमळे होते तेही कमी झाले, पानपिंपळी अजून टिकून आहे ती वेलाच्या काड्या लावूनच, तिले लॅबची बाटली लागत नाई.

लॅबवाली_ताई
१९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मी केळीच्या टिशू कल्चर लॅबमध्ये ११ वर्षं काम करते, अमरावती जिल्ह्यात. झाडीपट्टी भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. "म्हातारे आहेत, लेकरं नाईत" हे वाचून गप्प बसवेना म्हणून जरा लांबलचक लिहिते.

केळीत आम्ही कंदाच्या आतला वाढीचा कोंब घेतो, तो पानांच्या देठांच्या थरांखाली झाकलेला असतो, एकावर एक सोलत गेलं की आतला पांढराशुभ्र भाग जवळपास स्वच्छच मिळतो. तो निर्जंतुक करून बाटलीत मीडियावर ठेवायचा. मीडिया म्हणजे झाडाचं जेवण, मुराशिगे आणि स्कूग या दोघा शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तंबाखूवर काम करताना बसवलेलं क्षारांचं प्रमाण आजही जगभर चालतं, त्याला आम्ही नुसतं एमएस म्हणतो. लिटरला ३० ग्रॅम साखर, घट्ट व्हायला अगार, पीएच ५.८, आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला शिजवायचं. त्यात बीएपी हे वाढीचं संप्रेरक टाकलं की कोंबाला फुटवे येतात, फुटवे वेगळे करून परत नव्या बाटलीत, त्याला सबकल्चर म्हणतात. शेवटी आयबीए किंवा एनएए या दुसऱ्या संप्रेरकांवर मुळं आणायची. ऐकायला सोपं आहे आणि केळीत खरंच सोपं आहे.

झाडाचं तसं नाही. जंगलातली फांदी वर्षानुवर्षं उघड्यावर, धूळ, पाऊस, बुरशी सगळं तिच्या अंगावर, आणि काही जंतू तर फांदीच्या आतच राहतात, बाहेरून कितीही धुवा. बाटलीतल्या साखरेवर तुमच्या कोंबाआधी बुरशीच वाढते. पावसाळ्यात तर आमच्या केळीच्या बाटल्यासुद्धा जातात, एका जुलैत आम्ही अख्खा रॅक फेकलाय, त्या दिवशी कोणी जेवलं नव्हतं.

दुसरी अडचण बिज्याच्या रक्तातच आहे. कोयता मारला की लालभडक रस येतो ना, वाळला की डिंक होतो तो? तसलेच फिनॉल, म्हणजे तुरट रसायनं, कापलेल्या तुकड्यातून मीडियात उतरतात, मीडिया चहासारखा काळा पडतो आणि तुकडा स्वतःच्याच रसात मरतो. त्यावर उपाय आहेत, कोळशाची पूड म्हणजे अॅक्टिव्हेटेड चारकोल टाकतात, अॅस्कॉर्बिक अॅसिड टाकतात, एक-दोन दिवसाला नव्या मीडियावर हलवतात. पण हात बसेपर्यंत बराच माल जातो.

आणि तिसरं, म्हाताऱ्या झाडाच्या तुकड्याला फुटवे आले तरी मुळं सहजासहजी येत नाहीत. म्हणून फांदीच्या टोकापेक्षा बुंध्याजवळून किंवा तुटलेल्या जागेतून जो नवा लुसलुशीत फुटवा येतो तो घ्यायचा, तो वयानं झाडाएवढा असला तरी वागतो पोरासारखा.

घरी करायच्या भानगडीत कृपा करून पडू नका. धुवायला मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, ते विष आहे.

निवृत्त_वनरक्षक
१९ फेब्रुवारी, रात्री ८:४७

मी ३१ वर्षं बीट सांभाळली, गोंदिया भंडारा गडचिरोली सगळीकडं. ताईंनी माहिती चांगली दिली पण मला वेगळंच सांगायचं आहे.

बिजा काहून कमी झाला? बिया येत नाहीत म्हणून नाही. तुम्ही स्वतः लिहिलं झाडाला शेंगा आहेत म्हणून. बिजाची शेंग टणक असते, आतला दाणा सहजासहजी बाहेर येत नाही, उगवण कमी असते हे खरं, पण जंगलात एका झाडाखाली पावसाळ्यात दहावीस रोपं मी स्वतः पाहिलेली आहेत. ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहत नाहीत. मार्च एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग पसरते. मग तेंदूच्या हंगामात पानं चांगली फुटावी म्हणून परत आग. त्यातून जे वाचलं त्यावर गुरंबकऱ्या. बिजाचं रोप दोन तीन वर्षं असंच जळते आणि बुडातून परत फुटते, एक दिवस फुटत नाही.

आता तुम्ही लॅबमधून हजार रोपं आणली आणि त्याच जंगलात लावली तर तीही जळतीन. आधी जाळरेषा कापा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत काढलेला पट्टा, त्या ९ झाडांच्या भोवतालची जागा ५ वर्षं चराईला बंद करा, ग्रामसभेचा ठराव घ्या. तुमच्याकडं सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा ग्रामसभेचा हक्क, मिळाला असेल तर हे तुमच्याच हातात आहे, असा हक्क मिळवलेलं मेंढा-लेखा गाव काही तुमच्यापासून लांब नाही, जाऊन पाहून या. बाटली नंतर.

मला टिशू कल्चरचा राग नाही, पण लोकांना वाटते मशीनमधून झाडं निघतीन आणि आपल्याला वणवा विझवायला जावं लागणार नाही, ते चुकीचं आहे.

एमेस्सी_वनस्पतीशास्त्र
१९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

काकाजी, तुमचं पटलं पण दोन्ही सोबत करायला काय हरकत आहे?

झाडांचं होतच नाही असं कोणी समजू नये म्हणून सांगते. पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. मस्करेन्हास यांच्या टीमनं १९८० मध्येच सागाची रोपं टिशू कल्चरनं बनवली होती, ती पण शंभर वर्षं जुन्या झाडापासूनसुद्धा. त्याच लॅबमध्ये पुढं बांबूला बाटलीत फुलं आली, १९९० साली नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. गडचिरोलीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको की बांबूला फूल म्हणजे काय, रान फुलतं आणि मग सगळं बेट वाळतं, त्यासाठी कितीतरी वर्षं थांबावं लागतं, आणि इथं काही महिन्यांच्या इवल्या रोपाला काचेत फूल आलं! मला ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती आली.

आणि बिज्यावरच काम झालंय, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात. २००५ च्या करंट सायन्स या नियतकालिकात त्यांचा पेपर आहे. त्यांनी झाडाची फांदी नाही घेतली, बी निर्जंतुक करून बाटलीतच उगवलं आणि त्या कोवळ्या रोपाचा डाळिंब्यांजवळचा भाग घेतला, म्हणजे बीजपत्रं खोडाला जिथं जुळतात तो. तो स्वच्छ असतो, कोवळा असतो, त्यातून फुटवे छान येतात. म्हणजे भाऊ, तुम्ही फांदी नका नेऊ, शेंगा न्या.

झाडीपट्टी_कुरखेडा
२० फेब्रुवारी, सकाळी ६:५५

सगळ्यांचे आभार. रात्री गावातल्या लोकांले मोबाईलवरून वाचून दाखवलं. काकाजी तुमची आगीची गोष्ट सारे गप्प बसून ऐकले, कारण खरी आहे. आमच्यातलेच लोक पाला जाळतात, मीही लहानपणी मायसोबत जाळला. मोहाखाली पाला झाडून एका बाजूले लोटायचा, जाळायचा नाई, असं आता ठरवून राहिलो, महिला बचत गटाच्या बायांनीच पुढं होऊन सांगितलं. ठराव येत्या ग्रामसभेत.

पण एक विचारतो. ज्या दोन झाडांची साल गेली ते काही जगत नाईत. एकाले तर शेंगाही नाईत. त्याचं काय करू? शेंग नाई म्हणजे त्याचा वंशच गेला ना.

लॅबवाली_ताई
२० फेब्रुवारी, दुपारी १:१५

त्याच झाडासाठी बाटली आहे भाऊ.

काकाजी आणि एमेस्सी ताई दोघांचं ऐकून माझं मत असं झालं की ज्या झाडांना शेंगा आहेत त्यांच्यासाठी नर्सरी, ज्याला शेंग नाही आणि जे मरणार आहे त्याच्यासाठी लॅब. केळीवाल्या दादांनी लिहिलं की एका कंदाचे हजार होतात, केळीत ते चांगलंच आहे, शेतकऱ्याला एकसारखं पीक पाहिजे. जंगलात तेच वाईट. एका झाडाचे हजार केले तर ते हजार नाहीत, एकच झाड हजार ठिकाणी उभं आहे. एक रोग आला आणि त्या एकाला सोसला नाही तर सगळेच जातील. फुलावर मधमाशी कितीही फिरली तरी पराग त्याच झाडाचा. म्हणून ९ पैकी ९ झाडांचा माल वेगवेगळा ठेवायचा, प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक बाटलीवर झाडाचा नंबर, आणि एकाची दहा-वीस रोपं झाली की थांबायचं. आमच्या लॅबमध्ये केळीतसुद्धा सबकल्चरच्या आठ फेऱ्यांच्या पुढं जात नाहीत, फार वेळा सबकल्चर केलं की रोपात खोट निघायला लागते.

मी आमच्या मालकांशी बोलते. आश्वासन देत नाही.

संत्रा_वरूड
२० फेब्रुवारी, सायंकाळी ७:४०

वरूडवरून लिहितो. संत्र्यात पण हीच विद्या वेगळ्या कामाले वापरतात. नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत शेंड्याचा अगदी बारीक टोकाचा भाग, डोळ्याला नीट दिसत नाही इतका, काचेच्या नळीत वाढवलेल्या खुंटावर बसवतात, कारण त्या टोकापर्यंत व्हायरस पोचलेला नसतो. आजारी झाडापासून निरोगी कलम. माझ्या आजोबाच्या बगिच्यातलं जुनं संत्रं असंच कोणी त्यावेळेस वाचवलं असतं तर, ती चव परत नाही मिळाली. झाडीपट्टी भाऊ लागून राहा.

नागझिरा_काठ
२१ फेब्रुवारी, रात्री ९:३३

धागा चांगला चालू आहे म्हणून मधेच विचारते. आमच्याकडं मोहाच्या, आंब्याच्या झाडावर रास्नाचं ऑर्किड येतं, पिवळसर तपकिरी चट्ट्याचं फूल, वास गोड. लोक बांडगूळ समजून काढून फेकतात आणि काही जण औषधाला पोत्यानं नेतात. ते बांडगूळ नाही, झाडाचं काहीच खात नाही, नुसतं बसलेलं असतं. त्याचं पण बाटलीत होतं का? आणि गावाबाहेर एक पांढरा पळस आहे, त्याची मुळं पूजेला म्हणून लोक रात्री खोदून नेतात. झाड झिजत चाललंय.

एमेस्सी_वनस्पतीशास्त्र
२१ फेब्रुवारी, रात्री १०:५०

रास्नाचं तर बाटलीतच सगळ्यात छान होतं! ऑर्किडच्या एका शेंगेत पिठासारखं बी असतं, हजारोंनी, पण त्या बीजात स्वतःची शिदोरीच नसते. जंगलात एक विशिष्ट बुरशी भेटली तरच ती तिला खाऊपिऊ घालते, म्हणून हजारातलं एखादंच रुजतं. १९२२ मध्ये नुडसन या शास्त्रज्ञानं दाखवलं की साखर घातलेल्या मीडियावर बुरशीशिवायही ऑर्किडचं बी उगवतं. म्हणजे तुम्हाला एक शेंग, हिरवी असतानाच, फुटायच्या आधी मिळाली तर पुरे, झाड ओरबाडायची गरज नाही. आणि बी असल्यामुळं प्रत्येक रोप वेगळं, ताई म्हणाल्या ती एकाच झाडाच्या नकलांची भीती नाही.

पांढऱ्या पळसाचं उलट. बी लावलं तर फूल पांढरंच येईल याची खात्री नाही, आणि ते कळायलाही कित्येक वर्षं जातील. तिथं झाडाचाच तुकडा घ्यावा लागेल. पण आधी त्याच्या मुळांभोवती दगडी ओटा बांधून घ्या ना, खोदणाऱ्याला कोंब कळत नाही, दगड कळतो.

निवृत्त_वनरक्षक
२२ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

लॅबमध्ये माल नेण्याआधी कागद करा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, ती जागी करा. लोक जैवविविधता नोंदवहीत ९ झाडांची जागा, घेर, साल सोललेली आहे का, सगळं लिहा. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरलाच आहे, अडलं तर तिथं विचारा. वनविभागाला पत्राची पोच घ्या. झाडावर खिळा ठोकू नका नंबरासाठी, गेरूनं लिहा. शेंगा पाडताना फांदी मोडायची नाही, खाली पडलेल्या वेचायच्या, आणि एक तृतीयांश जंगलासाठी तिथंच सोडायच्या.

झाडीपट्टी_कुरखेडा
११ मार्च, रात्री ८:२०

ठराव झाला. ७ झाडांच्या शेंगा वेगवेगळ्या पोत्यात भरल्या, नंबर टाकून. ४ नंबरचं झाड म्हणजे साल सोललेलं बिनशेंगांचं, त्याच्या बुडाले सोललेल्या जागेच्या खाली तीन चार फुटवे आले आहेत. मरायच्या आधी झाड आपल्या हातानं देऊन राहिलं असं वाटलं मले. ताई काही झालं का?

लॅबवाली_ताई
१२ मार्च, दुपारी ३:०५

झालं. मालकांनी एक रॅक दिला, पैसे घेणार नाहीत, फक्त शिफ्ट संपल्यावर काम करायचं. ४ नंबरचे फुटवे पहाटे कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात पण बर्फाला टेकू न देता, त्याच दिवशी पोचवा. प्रत्येक झाडाचे वीस दाणे पण आणा, बाकीच्या शेंगा नर्सरीला. शेंगेची पापडासारखी कड कातरून दोन दिवस पाण्यात भिजवून लावा, रोज पाणी बदला.

झाडीपट्टी_कुरखेडा
२ जुलै, रात्री ९:४४

बरेच दिवस लिहिलं नाई, माफी. मोटरसायकलनं पहाटे निघालो होतो ते रात्री लॅबवर पोचलो, ताईंनी दार उघडं ठेवलं होतं.

नर्सरीत २४० शेंगा लावल्या होत्या, ७१ उगवल्या. मे महिन्यात उन्हानं लय त्रास दिला, हिरव्या नेटखाली ठेवून दिवसातून दोनदा पाणी मारलं, गावातली पोरं पाळीनं. त्यातली ५८ आता गुडघ्याच्या खाली आहेत पण खमकी आहेत. जाळरेषा कापली होती, यंदा मोहाच्या हंगामात आमच्या बाजूनं आग लागली नाई, शेजारच्या गावाकडून आली ती रेषेवर अडली. रात्रभर झोडपून विझवली, एका पोट्ट्याचा पाय पोळला, आता बरा हाय. आणि काकाजी, ६ नंबरच्या झाडाखाली पाला न जळाल्यानं आपोआप उगवलेले ४ रोपटे सापडले. कोणी लावले नाई. त्याइच्याभोवती काटेरी कुंपण केलं.

निवृत्त_वनरक्षक
३ जुलै, सकाळी ६:२२

४ म्हणजे खूप झाले. पोराला माझा नमस्कार सांगा. पावसाळा संपला की कुंपणाच्या आतलं गवत कापून बाहेर काढा, तेच पुढच्या मार्चमध्ये जळते.

लॅबवाली_ताई
५ जुलै, रात्री ११:४०

बाटलीचा हिशेब देते. दाण्यापासूनची रोपं छान आहेत, ५ झाडांचे फुटवे मिळाले, काहींना मुळंही सुटली.

४ नंबरच्या फुटव्यांचे ४० तुकडे केले होते. पहिल्या आठवड्यात १९ बुरशीनं गेले. नंतर १८ काळे पडले, दर दिवसाआड हलवत होते तरी. ३ हिरवे राहिले. त्यातल्या एकाला आता दोन फुटवे आहेत. मुळं नाहीत. अर्ध्या ताकदीच्या एमएस आणि आयबीएवर टाकलेत, थांबायचं.

पानपिंपळी_अंजनगाव
६ जुलै, सकाळी ८:०१

ताई मी लॅबपासून फार लांब नाही. हार्डनिंगले, म्हणजे बाटलीतल्या रोपांले बाहेरच्या हवेची सवय लावाले, जागा लागत असंन तर माझं शेडनेट रिकामं आहे, फॉगर आहेत, कोकोपीट मी आणतो.

लॅबवाली_ताई
६ जुलै, दुपारी १:५०

दादा नक्की घेते. बाटलीतल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो, पाणी धरून ठेवायची सवय नसते, एकदम बाहेर काढलं की तासाभरात माना टाकतात. पहिले पंधरा-वीस दिवस झाकून, दमटात. आपल्याकडच्या उन्हात तर पावसाळ्यातच हे काम उरकायला पाहिजे.

झाडीपट्टी_कुरखेडा
१४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

५८ पैकी ५२ रोपं जंगलात लागली, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या झाडाची मिसळून, जसं ताईंनी सांगितलं तसं. बाटलीतून आलेली ११ दादांच्या शेडमधून परवा आणली, ती यंदा नर्सरीतच ठेवतो, पुढच्या मृगात लावू.

४ नंबरचं झाड वाळलं. दसऱ्याच्या आधी शेवटची पानं गळाली. आजा असता तर म्हणला असता का या झाडाखाली तो गुरं बांधत होता. आम्ही ते तोडलं नाई, उभंच ठेवलं.

लॅबवाली_ताई
१४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

भाऊ, मला कालच सांगायचं होतं पण खात्री करून घेत होते. ४ नंबरच्या एका फुटव्याला मुळं आली आहेत. दोन. नखाएवढी. फोटो टाकते.

झाडीपट्टी_कुरखेडा
१४ ऑक्टोबर, रात्री ९:११

फोटो साऱ्यांले दाखवला. माय रडली.

कोरची, देवरी, धानोरा, साकोली, सिरोंचा, कुठलेही असा, तुमच्याकडं बिज्याचं एक जरी झाड असंन तर फेब्रुवारीत त्याच्याखाली पडलेल्या शेंगा वेचून ठेवा, कोणत्या झाडाच्या ते पोत्यावर लिहा आणि मले निरोप टाका. मी स्वतः येऊन नेतो, बदल्यात आमच्या झाडांची रोपं देतो.

नागझिरा_काठ
१४ ऑक्टोबर, रात्री १०:२६

आमच्याकडं दोन आहेत. लिहून घ्या.